आमची वाटचाल : पलीकडच्या शेडमधली भट्टी

आमचे आबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोल्डर होते, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरणारे कारागीर. ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलचे साचे भरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. 1996 मध्ये त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचा क्युपोला (कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी) पेटवला आणि 2005 मध्ये आम्ही शिरोली एमआयडीसीत इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, बसवली. पलीकडच्याच शेडमध्ये दुसरी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, होती. तेच ग्रे आयर्न (करडं ओतीव लोखंड), तसेच पंपाचे भाग, आणि गिऱ्हाईकही बरेचसे तेच.

2008-09 च्या मंदीत ऑर्डरी आटल्या. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, भाव किलोवर ठरतो, त्यामुळे भांडायला सोपं पडतं. त्यांनी किलोमागे दोन रुपये उतरवले, आम्ही तीन. मग ते आणखी खाली गेले. वीज आणि पिग आयर्न (भट्टीत टाकायचं कच्चं लोखंड) काही आमच्यासाठी स्वस्त झालं नव्हतं, म्हणजे काटकसर भट्टीतच होणार. आम्ही पिग आयर्न कमी करून मिळेल ते स्क्रॅप टाकू लागलो. वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) कमी, नवी वाळू कमी, इनॉक्युलंटला (लोखंड कडक होऊ नये म्हणून ओतताना टाकायच्या पुडीला) कात्री. वरून कास्टिंग छान दिसायचं. गिऱ्हाइकाच्या लेथवर दुसरा कट घेतला की आतला ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी, उघडा पडायचा, नाहीतर कडक झालेल्या कडेवर टूल तुटायचं. अशा वेळी नुसता माल परत येत नाही. त्यावर झालेल्या मशिनिंगचा खर्चही गिऱ्हाईक डेबिट नोट पाठवून आमच्याकडून वसूल करतं. त्या वर्षी आमचं रिजेक्शन शंभरात अकरा नगांवर गेलं. पलीकडेही तीच गत होती.

त्याच काळात माझ्या हातून एक गोष्ट घडली, जी आजही सलते. त्यांचा सगळ्यात चांगला मोल्डर मी जास्त उचल देऊन फोडला. आबांना कळलं तेव्हा ते एवढंच बोलले, "दुसऱ्याचा माणूस पळवून आपला साचा सुधारतो व्हय रे?" सहा महिन्यांत तो मोल्डर तिसऱ्याच कारखान्याची उचल घेऊन गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला मीच तसं शिकवलं होतं.

मग आम्ही भाव उतरवणं थांबवलं. दोन गिऱ्हाइकं गेली, जाऊ दिली. रोज सकाळी वाळूची चाचणी, प्रत्येक वितळीची नोंद, आणि नाकारलेला नग फोडून आत काय झालंय ते मोल्डरसमोर बघायचं. रिजेक्शन चारवर यायला दोन वर्षं लागली. गेलेल्यांपैकी एक गिऱ्हाईक आपणहून परत आलं.

2012 च्या एका रात्री पलीकडच्या मालकांचा फोन आला. "दादा, लायनिंग फुटलं. धातू कॉइलपर्यंत आला." म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर फुटून वितळलेलं लोखंड विजेच्या वेटोळ्यापर्यंत पोचलं होतं. नशिबानं कुणाला इजा झाली नाही, पण भट्टी तीन आठवडे तरी बंद राहणार होती आणि त्यांच्या गिऱ्हाइकाची असेंब्ली चार दिवसांत थांबली असती. आमचा सुपरवायझर म्हणाला, "आता ते गिऱ्हाईक आपलंच." मी त्यांचे पॅटर्न (साचा ज्यावरून भरतात ते नमुने) आमच्याकडे आणायला सांगितले. तीन आठवडे रात्रपाळीत त्यांचा माल ओतला आणि बिल त्यांच्याच नावानं केलं. गिऱ्हाइकाला मी फोन केला नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. रस्ता उघडल्यावरही आमची निम्मी माणसं घरातला चिखल काढत होती. त्यांना कामावर या म्हणायचं कुठल्या तोंडानं? पलीकडून निरोप न पाठवता आठ मोल्डर आले, पुढचे आठ दिवस आमचे साचे भरून गेले. मजुरी मी द्यायला गेलो तर मालक म्हणाले, "ती आम्ही दिली. तुमची माणसं आधी उभी राहू देत."

तेव्हापासून बरंच काही आम्ही मिळून करतो. वाळूची गाडी एकत्र मागवतो, लॅबमधलं यंत्र बिघडलं तर एकमेकांचं वापरतो, आणि माणूस घेताना आधीच्या मालकाला विचारतो. भाव मात्र कधीच बोलत नाही. मिळून भाव ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्यानं मना आहे आणि त्याला दंड होतो, पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. आमच्यावर विसंबून मशीन लावलेल्या गिऱ्हाइकाचा तो विश्वासघात झाला असता. बाजारात आम्ही एकमेकांना सूट देत नाही. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या हातातली एक मोठी ऑर्डर घेतली, कारण त्यांचं कास्टिंग आमच्यापेक्षा हलकं आणि तरी मजबूत होतं. मी एक नग मागून घेतला आणि आमच्या मोल्डरांना दाखवला.

परवा एका पंप बॉडीची चौकशी आम्हा दोघांकडेही आली आहे. त्यांनी काय भाव भरला, मला माहीत नाही. आमचं सँपल सोमवारी ओततोय.