एचएमआयएस बंगाल, १/३५० : तोफ बसली, आता मागचा डेक

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बंगाल’ या सुरुंग काढणाऱ्या छोट्या युद्धनौकेचं १/३५० मापाचं मॉडेल करतोय. हलवर, म्हणजे जहाजाच्या मुख्य अंगावर, प्रायमर (रंगाआधीचा थर) बसला. ५६.७ मीटरचं जहाज टेबलावर जेमतेम १६ सेंटिमीटर भरतं. सिडनीच्या कोकाटू डॉकयार्डात बांधलेलं, ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आलेलं. तिच्यासारखी, बाथर्स्ट वर्गाची ६० जहाजं ऑस्ट्रेलियात झाली, त्यांतली चार रॉयल इंडियन नेव्हीची : बंगाल, बॉम्बे, मद्रास, पंजाब.

या वर्गाचे नकाशे पाहून मॉडेल करायचं तर पुढे ४ इंची तोफ येते. बंगालवर होती १२ पौंडी, म्हणजे ७६ मिमीची. नळी साधारण ३ मीटर, मापात ९ मिमीच्या आत. इंजेक्शनची सुई कापून टोक पॉलिश पेपरवर घासलं, काम झालं. चिमट्यात धरली की दिसतसुद्धा नाही!

हीच तोफ घेऊन ११ नोव्हेंबर १९४२ ला लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी जहाज थेट जपानी रेडरवर, म्हणजे व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्या सशस्त्र जहाजावर, घातलं. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे जाताना सोबत ओंडिना हा डच टँकर होता, त्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून. समोर होकोकू मारू आणि आयकोकू मारू, दोघांवर १४० मिमीच्या तोफा. होकोकू मारूच्या मागच्या भागात गोळा लागला, स्फोट झाले आणि ते बुडालं. गोळा कोणाचा, यावर वाद आहे. माझा कौल ओंडिनाच्या ४ इंची तोफेला. त्याने बंगालचं काहीच कमी होत नाही. दारूगोळा संपत आल्यावर धुराचा पडदा सोडून बंगाल निघाली आणि दिएगो गार्सियाला पोचली. टँकर बुडाला अशीच तिची समजूत होती. पण टँकरचे कप्तान हॉर्समन मारले जाऊन, टॉर्पेडो खाऊनही ओंडिना फ्रीमँटलला परतला.

एवढं असलं तरी मॉडेलमध्ये मला बंगालचा मूळ धंदा, समुद्रातले सुरुंग काढणं, दाखवायचाय. त्यासाठी ओरोपेसा स्वीप नावाच्या साधनाची तार जहाजामागून पाण्यात सोडतात. जहाजाजवळ काइट नावाचा भाग तिला खाली दाबतो, लांबच्या टोकाला ऑटर नावाचा भाग तिला बाजूला बाहेर ओढतो आणि वरचा फ्लोट (तरंगणारा भाग) त्या टोकाची खोली सांभाळतो. सुरुंगाचा दोर तारेत सापडून तुटला की सुरुंग वर येतो, मग रायफलींनी उडवायचा.

तार गुंडाळणारा विंच प्लास्टिक शीटचे तुकडे चिकटवून केलाय. फ्लोट टूथपिकच्या टोकांतून कोरतोय, डेव्हिट (सामान पाण्यात सोडायचे वाकडे खांब) तांब्याच्या तारेचे. तार बारीक असली तरी वाकवताना दोन्ही डेव्हिटचा बाक सारखा येत नाही. त्यासाठी लाकडात खिळे ठोकून साचा करणार आहे. रंग त्यानंतरच.