पोफळीला ऊन लागायच्या आत

दसरा झाला की मी आधी वाडीच्या, म्हणजे आमच्या बागेच्या, पश्चिमेकडच्या पोफळी (सुपारीची झाडं) बघते. चार महिने ढगांखाली वाढलेलं कोवळं खोड, त्यावर एकदम ऑक्टोबरमधलं दुपारनंतरचं ऊन. नैर्ऋत्येकडून तिरपं येणारं हे ऊन खोड भाजतं. आधी पिवळा डाग पडतो, तो तपकिरी होतो, मग खोड तडकतं आणि पुढे कधी वारा आला की झाड तिथेच मोडतं. डाग दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

पूर्वी श्रीवर्धनच्या आमच्या वाडीला कडेच्या उंच माडांची सावली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ते आडवे झाले नि ती बाजू उघडी पडली. नवे माड लावलेत, पण त्यांची सावली पोफळीला पुरायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर आपणच आडोसा करायचा. सुकलेल्या झावळ्या आणि विऱ्या (पोफळीच्या झावळीचे बुंध्याकडचे रुंद पोय) खोडाला उभ्या लावून सुंभाने बांधते. नैर्ऋत्येची बाजू तेवढी नीट झाकायची. लहान रोपांच्या त्या अंगाला केळी लावल्यात. केळ भराभर वाढते, आणि सणासुदीला घरची पानं मिळतात ती वेगळीच.

मग पाणी. आमची जमीन पुळणीची, म्हणजे वाळूची, पाऊस थांबला की बघता बघता कोरडी होते. पाट साफ करायचे, पावसाने बुजलेली आळी ओढायची, त्यांत पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरायचा. माडाजवळ चर खणून नारळाची सोडणं आम्ही पुरतो, खोलगट बाजू वर करून, म्हणजे पाणी धरून राहतं. माडाच्या युरिया-पोटॅशचे हप्ते तीन: जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी. मधला आत्ताच, जमिनीत ओल आहे तोवर.

माडावर चढून नारळ पाडणारे आमचे पाडेलीदादा मात्र घाई करत नाहीत. "वहिनी, खोडावरचं शेवाळ सुकू दे, मग चढतो." त्यांचं बरोबर आहे, ओल्या माडावरून पाय सुटला तर काय? चढले की सुकलेल्या झावळ्या काढतात, शेंडा साफ करतात, आकडीने माडाचा कोवळा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा ओढून बाहेर काढतात. नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी उलगडली की समजायचं, भुंगा आत जाऊन गेलाय. हिरव्या झावळीला ते हात लावत नाहीत, कोणी कितीही सांगू दे. "तिच्यावर माड जगतो," म्हणतात.

भुंग्याचं घर मात्र खाली, शेणखताच्या खड्ड्यात. शेजारणीही माड वाचवायला औषध विचारतात, तेव्हा मी आधी खड्डा उपसायला सांगते. जाड्या, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसल्या की वेचून मारायच्या. आमच्या कोंबड्या तर फावड्यामागूनच फिरतात. खड्डा असा हलवल्याशिवाय त्यातलं खत वाडीत न्यायचं नाही.