पत्रा वाकवायला इतकी वर्षं कशाला?

आबा, मे सरता सरता मी वेंगुर्ल्याला आले की पडवीत कुणी ना कुणी विचारतंच, "गो, पत्रो वाकवूक शिकाक इतकी वर्सां कित्याक व्हयी?" यंदा तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

परवा मिस्त्री तुमची पन्हळ करत होता ना, ते आठवा. काटकोन हवा होता, पण मोगरीने ठोकताना त्याने पत्रा काटकोनाहून थोडा जास्तच दुमडला. हात काढला तसा पत्रा उलटला आणि कोन बरोबर बसला. या उलटण्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. गाड्यांचे पत्रे दाबून घडवायचं माझं काम, त्यातली अर्धी नोकरी या उलटण्यातच जाते.

साधं पोलाद 200 मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं माप) आसपास कायमचं नमतं. गाडी हलकी व्हावी म्हणून हल्ली सांगाड्याला पातळ पण 1000 मेगापास्कलच्याही पुढचं पोलाद घालतात. ताठपणा मात्र दोघांचा सारखाच, 200 गिगापास्कलच्या (एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल) जवळपास. म्हणजे नमण्याआधी नवं पोलाद पाचपट ताण सोसतं, आणि सोडलं की तेवढंच जोरात उलटतं. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा तर पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, ते आणखी खट्याळ.

"मग जास्त दुमडा की!" हो, पण किती? साच्याच्या कडेवरून सरकताना पत्रा आधी वाकतो, मग सरळ होतो. आणि एकदा ताणलेला धातू उलट दिशेने लवकर नमतो. बाउशिंगर या जर्मन अभियंत्याने हे 19व्या शतकातच दाखवलं, तरी संगणकावरचं आमचं गणित अजून तिथेच घसरतं. त्यात पत्र्याची एक गुंडाळी दुसरीसारखी नसते.

एक वाट आहे. बोरॉन घातलेलं पोलाद 900 अंशांवर तापवायचं, दाबायचं आणि साच्यातच गार करायचं. ताकद 1500 मेगापास्कल, उलटणं अगदी थोडं. पण प्रत्येक तुकड्यासाठी भट्टी पेटती ठेवायची, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

तुमचा मिस्त्री गुण्या लावून बघतो आणि कमी पडलं तर आणखी एक ठोका देतो. कारखान्यातला प्रेस एकदा दाबतो, की तुकडा पुढे गेला. दाबता दाबताच मोजून पुढचा दाब बदलणारा प्रेस करायचा, यावर बरेच जण काम करतायत, त्यातली मी एक.

मागच्या दाराची पन्हळ राहिलीय ना? मिस्त्री आला की हाक मारा. तो जास्तीचा ठोका नेमका कधी देतो, ते मला बघायचंय.