श्प्रेवाल्डात आईला भेटलेलं जवस

ल्युबेनाऊच्या धक्क्यावर काकडीपासून सुटका नाही. पिंपातून काढून विकायची आंबट काकडी, लसणाची, मोहरीची, शेपू घातलेली. वर काकडी छापलेले टी-शर्ट. बर्लिनहून रेल्वेने तासाभरावर श्प्रे नदी शेकडो फाट्यांत विखुरते, तोच हा श्प्रेवाल्ड. रविवारी अर्धं बर्लिन इथेच असतं की काय, असं वाटतं. इथल्या काकडीला १९९९ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, मान्य. पण ती तोडणारी माणसं ट्रॅक्टरला जोडलेल्या लांबलचक पंखांवर पालथी पडून तासन्‌तास हात चालवतात, हे एकाही दुकानाच्या पाटीवर दिसलं नाही.

नाव सपाट बुडाची. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. इंजिन नाही, म्हणजे शांतता मिळेल असं वाटलं होतं. आमच्या नावेतल्या निवृत्त मंडळींनी सकाळी अकरालाच छोट्या बाटल्या उघडल्या आणि गाणी सुरू केली. मात्र आईला त्यांनी उठून चांगली जागा दिली, म्हणून सगळं माफ.

लेडे गावात उन्हाळ्यात टपाल अजून नावेनेच येतं. घरांच्या आढ्याला एकमेकांवर आडव्या गेलेल्या दोन फळ्या, टोकाला कोरलेली मुकुटधारी सापांची डोकी. हा साप घर राखतो म्हणे. पाट्यांवर जर्मनखाली सोर्बियन. हे सोर्ब स्लाव लोक शतकानुशतकं इथलेच. १९३७ मध्ये नाझींनी त्यांच्या संघटनेवर बंदी घातली, तरी भाषा टिकली.

जेवायला बसलो तर यादीभर मासे आणि डुक्कर. आई शाकाहारी, भुकेने वैतागलेली. शेवटी सालासकट उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं घट्ट क्वार्क, बारीक चिरलेला कांदा आणि वाटीत पिवळंधमक तेल आलं. एकेकाळचं हे गरिबाचं जेवण. आईने तेलात बोट बुडवून चाखलं आणि हात तसाच धरून बसली.

"हे त जवसाचं तेल आहे न वं!"

यवतमाळकडे तिच्या लहानपणी घरात हेच तेल असायचं, नंतर सोयाबीनचे पिंप आले आणि ते गेलं. बटाटा सोलून, कुस्करून, त्यात क्वार्क आणि कांदा कालवून वर तेलाची धार सोडायची, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. फक्त मीठ जास्त मागितलं आणि हिरवी मिरची नाही म्हणून कुरकुर केली. वाढणाऱ्या बाईंनी न मागता दुसरी वाटी आणली. पैसे लावले नाहीत. जर्मनीत इतकी वर्षं राहून मला कुणी फुकट काही वाढल्याचं आठवत नाही.

बाटली घेऊ नकोस, उघडली की लवकर खवट होते, विमानात सांडेल, असं मी परोपरीने सांगितलं. आईने दोन घेतल्या.