तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या दिग्दर्शकांचे, कमी पैशातले मराठी सिनेमे थेटरात जाऊन का बघते?

"नट कोण ते माहीत नाही, दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा, आणि त्यासाठी दादरहून अंधेरीला जायचं? ओटीटीवर येईलच की!" ऑफिसात, लग्नकार्यात हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदा नीटच उत्तर देते.

मराठी सिनेमा जगवायचा म्हणून तिकीट काढा, असं मी कुणाला म्हणत नाही. दया म्हणून सिनेमा बघणं हा करणाऱ्याचा अपमान आहे. शिवाय कमी पैशात केला म्हणून तो चांगला होतो असंही नाही. संवाद ऐकू न येणारे, उगीच लांबवलेले सिनेमे मी पुष्कळ सोसलेत. तरी जाते, कारण हाताशी पैसा नसला की दिग्दर्शकाला माणसांकडे नीट बघावंच लागतं. दुसरं दाखवायला त्याच्याकडे काही नसतं.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. २०१४ मध्ये इटलीतल्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाले तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यात ज्याच्यावर खटला चालतो, त्या लोकशाहीराच्या भूमिकेत वीरा साथीदार, मुळात चळवळीतले कार्यकर्ते. पण मला सारखी आठवते ती गीतांजली कुलकर्णीने केलेली सरकारी वकील. कोर्टात ती जुनी कलमं एका सुरात वाचत जाते, शाहिराला जामीन नको म्हणते. मग काम संपतं आणि कॅमेरा तिच्यासोबत निघतो. लोकलमध्ये शेजारच्या बाईशी घरगुती गप्पा, मुलाला घेऊन घरी, स्वयंपाक, ताटं. कॅमेरा लांब थांबलेला, भावना चिथवायला पार्श्वसंगीत नाही. तिचा राग करायच्या तयारीने बसलेली मी. समोर तर माझ्याच डब्यातली बाई होती! तिच्यावर रागवावं की तिला बसायला जागा द्यावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

किंवा रोहन परशुराम कानवडेचा 'साबर बोंडं'. मुंबईत वाढलेला, सिनेमा स्वतःच शिकलेला हा मुलगा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याच्या सिनेमाने परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर मुंबईतला तरुण सुतकाचे दहा दिवस गावी काढतो. नातेवाइकांचा लग्नासाठी तगादा, आणि तिथेच भेटलेला लहानपणीचा मित्र. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट, पण कुणीही भाषण ठोकत नाही.

आता ओटीटीचं. पहिल्या शुक्रवार ते रविवारात खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की सोमवारपासून शो कापले जातात. उरतो तो दुपारचा, नोकरदाराला न जमणारा. चांगला आहे हे कानोकानी पसरेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. असे सिनेमे ओटीटीवाले घेतीलच याची खात्री कुणी द्यावी? म्हणून मी पहिल्याच शनिवारी जाते.

थेटरात नाही जमलं तर फिल्म सोसायट्या आहेत, सभासदांना निवडक सिनेमे दाखवणाऱ्या संस्था. आपल्या मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून सिनेमे दाखवतंय. खेळानंतर दिग्दर्शक हजर असेल तर नुसतं 'छान होता' म्हणून निघू नका. एखादा प्रसंग धरून विचारा, कॅमेरा इथेच का ठेवलात? नवा दिग्दर्शक या एका प्रश्नावर अर्धा तास बोलतो, आणि पुढच्या सिनेमाला तुम्ही त्याचं नाव वाचून जाता.

या शनिवारी कुठला लागलाय बघा. वेळ कळवा, मी येते.