काकांनी विचारलेला प्रश्न

एप्रिल २०१३. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. कॅश जुळली होती, तिजोरी बंद करायची तेवढी राहिली होती, आणि मुख्य कार्यालयातून फॅक्स आला. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५ अ. रिझर्व्ह बँकेने आमच्या नागरी सहकारी बँकेवर निर्बंध घातले होते. नवी ठेव घ्यायची नाही, नवं कर्ज द्यायचं नाही, आणि प्रत्येक ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये द्यायचे. खात्यावर लाख असोत की वीस लाख, हजारच. खाली नेहमीची ओळ होती: निर्बंध म्हणजे परवाना रद्द झाला असा अर्थ काढू नये.

मी शाखा व्यवस्थापक होतो. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, शाखेत अकरा माणसं. आदेशाची प्रत दर्शनी भागात लावायची होती. शिपायाने ती चिकटवली आणि त्याने मला हळूच विचारलं, "साहेब, माझ्या पगार खात्याचं काय?" त्यालाही हजारच मिळणार होते.

सकाळी आठला शटर उचललं तेव्हा रांग पार एसटी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. लग्नसराईचे दिवस होते, उसाची बिलंही नुकतीच जमा झाली होती. आमच्या पिग्मी एजंटला लोकांनी चौकातच अडवलं होतं. रोज वीस-तीस रुपये देणाऱ्या भाजीवाल्यांना तो माणूस म्हणजेच बँक. तो केबिनमध्ये आला आणि खुर्चीवर न बसता खाली भिंतीला टेकून बसला.

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती गावातल्या एका पतसंस्थेचे सचिव आले तेव्हा. त्यांच्या संस्थेची राखीव गुंतवणूक आमच्याकडे ठेवींत होती. ते आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, तुमची बातमी पेपरात आली की उद्या माझ्या दारात रांग. आणि माझे पैसे तर तुमच्याकडे." अरिष्ट एका संस्थेतून दुसरीत कसं जातं ते मी बँकिंगच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता ते समोरच्या खुर्चीत येऊन बसलं होतं. त्यांच्या संस्थेत अंगणवाडी सेविकांचे, हमालांचे पैसे होते. माझ्या हातात त्यांना द्यायला हजार रुपयांची एक स्लिप होती.

अकराच्या सुमाराला काउंटरपाशी आवाज वाढले म्हणून बाहेर गेलो. भांडण आमच्याशी नव्हतं, दोन ठेवीदारांचं आपसात चाललं होतं. एक कॉलेजातून निवृत्त झालेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गावात सगळे त्यांना काकाच म्हणत.

सर म्हणत होते, "हे सरकारनेच केलंय. एक लाखापर्यंत विमा आहे म्हटल्यावर बँक कशी आहे हे कोण बघतो? अमेरिकेत २००८ मध्ये हेच झालं. फॅनी मे, फ्रेडी मॅक या घरकर्जांच्या धंद्यातल्या दोन बड्या कंपन्यांच्या मागे सरकार उभं आहे असं सगळ्यांनी धरलं, कर्जं फुगली, शेवटी सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. लोकांना स्वतःची जोखीम स्वतः घेऊ द्या, मग बघा कसे डोळे उघडे ठेवतात."

काका म्हणाले, "सर, परवाना रिझर्व्ह बँकेचा, पाटी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची. मी कुणाच्या जिवावर पैसे ठेवले? ताळेबंद मला वाचता येत नाही. लक्ष ठेवायला माणसं नेमलीत ना? मग त्यांनी ठेवायला पाहिजे होतं. मोकळं सोडल्यावर हे असंच होणार."

मग दोघेही माझ्याकडे वळले. रांगेतली आणखी दहा-पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. काकांनी वाद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "काल संध्याकाळी. फॅक्स आला तेव्हा."

आदेशापुरतं ते खरं होतं. काकांनी ते विचारलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाटातून तपासणीची फाइल काढली. रिझर्व्ह बँकेचे अधिकारी ठरावीक काळाने बँक तपासतात आणि अहवाल देतात. शाखेशी संबंधित शेरे शाखेकडे येतात, त्याची पूर्तता लिहून पाठवायची असते. आमच्या शाखेवर शेरा होता तो एका व्यापारी समूहाच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेत उचलायच्या कर्जावर. कागदावर चार फर्म वेगवेगळ्या होत्या, पत्ता मात्र एकच. एकीचं थकलं की दुसरीच्या नावाने उचल द्यायची आणि पहिली भरून घ्यायची. विकास सोसायट्यांत याला जुनं-नवं म्हणतात. आम्ही तेच मोठ्या आकड्यांनी करत होतो. व्याज वसूल झालेलं दिसायचं, कर्ज थकीत दिसायचं नाही. अहवालात ते स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि खाली पूर्ततेच्या रकान्यात "तारण पुनर्मूल्यांकन करून नूतनीकरण केले आहे", सही माझी. मला मुख्य कार्यालयातून तसं लिहायला सांगितलं होतं. तरी सही माझीच.

आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर? ऑडिट वर्ग 'अ', म्हणजे सगळ्यात वरचा.

त्या रात्री मला सरांचं आणि काकांचं दोघांचंही म्हणणं अर्धं वाटलं. सर म्हणतात त्यात तथ्य आहे. ठेव विम्याचा हप्ता तेव्हा शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैसे होता, उत्तम बँकेलाही तोच आणि आमच्यासारखीलाही तोच. वाईट कर्ज वाटल्याने आमचा हप्ता एका पैशाने वाढला नाही. पण विमा मुळात आला कशातून? १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याच अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. तेव्हा कसलाही विमा नव्हता, लोकांची जोखीम पूर्णपणे त्यांची स्वतःची होती, तरी लोकांना आधी काही दिसलं नाही. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. हमी नसली की माणसं जागी राहतात हे सरांचं गृहीतक अकोल्यातच खोटं ठरलं होतं.

काकांचं उत्तरही मला पुरत नव्हतं, कारण लक्ष ठेवणारे होते. एक सोडून दोन होते. १९६६ पासून सहकारी बँकांचा बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळ, निवडणुका, व्यवस्थापन सहकार निबंधकाकडे. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जात बुडाली, तेव्हापासून या दुहेरी नियंत्रणावर बोललं जात होतं. कायदा बदलायला २०२० उजाडलं, तेही २०१९ मध्ये मुंबईत पीएमसी बँकेच्या दारात तशाच हजार रुपयांच्या रांगा लागल्यावर. विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडकली होती, ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये.

अमेरिकेच्या अरिष्टाचं नंतर मी बरंच वाचलं, सरांनीच पुस्तकं दिली. तिथल्या चौकशी आयोगात दहा जण होते. जानेवारी २०११ मध्ये अहवाल आला त्यावर सहा जणांनी सह्या केल्या: नियंत्रण ढिलं पडलं, कंपन्यांचा कारभार बिघडला, हे टाळता आलं असतं. तिघांनी वेगळी टिप्पणी जोडून दहा कारणं मांडली. पीटर वॉलिसन एकटे म्हणाले की मूळ दोष सरकारच्या घरबांधणी धोरणाचा. साऱ्या साक्षी आणि कागद समोर असून दहा जाणत्या माणसांचं एकमत होत नाही, आणि मला आमच्या काउंटरवर उत्तर हवं होतं.

मला जे पटलं ते माझ्या कपाटातल्या फाइलमुळे पटलं. तपासणी अहवाल गोपनीय असायचा. ज्याला दिसत होतं तो बोलत नव्हता, ज्याचे पैसे होते त्याला दिसत नव्हतं. सरकारने पाहण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि पाहिलेलं कुलपात ठेवलं. मग बाजार जागा राहणार कशाच्या आधारावर? सर स्वतः अर्थशास्त्र शिकवायचे, त्यांचीही ठेव आमच्याकडे होती. ते नंतर मला म्हणाले, "मीसुद्धा वर्ग 'अ' बघूनच पैसे ठेवले हो." डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे अहवाल माहिती अधिकारात रिझर्व्ह बँकेला द्यावे लागतील. ती बातमी मी कापून ठेवली आहे. आमच्या गावाला ती फार उशिरा आली.

पुढे परवाना रद्द झाला, बँक गुंडाळायला अवसायक आले. यादी करायचं काम मलाच होतं. एक लाखापर्यंतच्या ठेवी विम्यातून पूर्ण मिळाल्या, ते भाजीवाले सुटले. पतसंस्थेला मिळाला एक लाख, इतरांसारखाच. सचिवांनी राजीनामा दिला. काकांची ग्रॅच्युइटीची ठेव चार लाख वीस हजारांची होती. लाख मिळाला. बाकीचं वसुली होईल तसं, म्हणजे अजून नाहीच.

निवृत्त झाल्यावर मी काकांच्या घरी गेलो. का गेलो ते सांगायला वेळ लागला. शेवटी म्हणालो, "काका, तुम्ही रांगेत मला एक विचारलं होतं. मी खरं सांगितलं नाही. मला दीड वर्ष आधीपासून माहीत होतं."

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठला महिना?"

"नोव्हेंबर २०११. त्या महिन्यात मी पूर्तता लिहून पाठवली."

काका उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी ठेव पावतीची झेरॉक्स काढली, चष्मा लावला, तारखेवर बोट ठेवलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

९ जानेवारी २०१२. खाली व्यवस्थापक म्हणून माझी सही.