वारसांच्या कोष्टकाबाहेरची माणसे

मृत्युपत्राचा मसुदा हाती घेण्याआधी मी पक्षकाराला त्याच्या माणसांची यादी विचारतो, कारण पुढचे बहुतेक वाद त्या यादीतूनच उभे राहतात. गुरुवार पेठेत पंचहौदाच्या परिसरात राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेने या प्रश्नाला उत्तर म्हणून पंधरा-सोळा माणसे सांगितली: एक मुलगी, एक जावई, दोन नातवंडे, तीन भाऊ, बऱ्याच बहिणी. मी वंशावळ मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले, की बाई अविवाहित आहेत, त्यांचा सख्खा भाऊ वारलेला आहे आणि यादीतल्या एकाही माणसाशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. रक्ताचा जो एकमेव माणूस होता, तो भावाचा मुलगा. त्याचे नाव त्यांनी सर्वांत शेवटी, आणि मी खोदून विचारल्यावर सांगितले. (ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत.)

बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. परिचारिकेचे शिक्षण घेत असताना, विशीच्या सुमारास, त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या पहिल्यांदा गावी गेल्या तेव्हा आईने त्यांना ओसरीवर वेगळ्या ताटलीत जेवायला वाढले आणि भावाने, आमच्या लेखी तू संपलीस, असे सुनावले. काही वर्षांनी वडील वारले. तेव्हा तोच भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन पुण्याला आला, कारण धर्म बदलला म्हणून कोणाचाही वारसाहक्क जात नाही, हे १८५० सालच्या एकविसाव्या कायद्याने ठरवून ठेवलेले होते आणि बहिणीच्या सहीवाचून त्याला शेतजमीन एकट्याच्या नावावर करता येत नव्हती. बाईंनी सही करून दिली. घराने तोडलेल्या बहिणीला कायद्याने मात्र बहीण म्हणून कायम ठेवले होते, हा विरोधाभास मला वकील म्हणून फार बोलका वाटला.

आता मात्र कायदा उलट दिशेने काम करणार होता. ख्रिस्ती व्यक्तीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो, आणि त्यात मृत्युपत्र नसल्यास मालमत्ता कोणाकडे जाते हे रक्ताच्या नात्याच्या पायऱ्या मोजून ठरते. बाई मृत्युपत्राविना गेल्या असत्या, तर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून घेतलेली त्यांची एका खोलीची सदनिका सरळ पुतण्याकडे गेली असती. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून पुतण्याचे फोन वाढले होते. मी त्याला दोष देत नाही. पुण्याच्या मध्यवस्तीतली जागा हा कोणालाही नात्याची आठवण करून देणारा विषय आहे.

जिला बाई मुलगी म्हणत होत्या, ती त्यांची धर्मकन्या. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी बाई धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या होत्या. मूल चार वर्षांचे असताना आई गेली, आणि बाईंनी तिला घरी आणले. त्या काळी ख्रिस्ती व्यक्तीला कायद्याने दत्तक घेता येत नसे; १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली फार तर पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. सर्व धर्मीयांना दत्तकाची वाट २००० सालच्या बालन्याय कायद्याने आणि त्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने मोकळी झाली, तोवर ही मुलगी स्वतः आई होण्याच्या वयाला पोहोचली होती.

मसुदा वाचून दाखवण्याच्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो, तेव्हा खोलीत त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, सात-आठ माणसे अगोदरच बसली होती; यादीतले भाऊ आणि बहिणी ते हेच. मला चहा आणि नानकटाई देण्यात आली. याच पंचहौदाच्या मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे झालेल्या चहापानावरून पुण्यात केवढे रण माजले, टिळक-रानड्यांसारख्यांवर तक्रारी होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले, हे शाळेपासून ऐकत आलो असल्याने त्या परिसरात चहाचा कप हातात घेताना मला दर वेळी थोडे हसू येते.

मात्र वकिलाच्या नजरेने ते दृश्य चांगले नव्हते. एकटी वृद्ध स्त्री, नैसर्गिक वारसाला डावलणारा दस्त आणि लाभार्थींनी भरलेली खोली, ही तिन्ही कारणे मृत्युपत्राभोवती संशय निर्माण करायला न्यायालयात पुरतात. म्हणून मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. कोणी वाईट वाटून घेतले नाही. एक वयस्क बहीण मात्र जाता जाता, बाईंची गोळीची वेळ झाली आहे, असे मला बजावून गेली.

दार लावल्यावर मी बाईंना विचारले, की पुतण्याला घर का द्यायचे नाही आणि या लोकांना तुमची माणसे का मानायचे, याचे न्यायाधीशाला पटेल असे उत्तर काय. मला भक्तिपर उत्तराची अपेक्षा होती. बाईंनी उशाखालून एक वही काढली. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासूनची ती वही होती, आणि रुग्णालयातल्या नोंदींची सवय असलेल्या हाताने त्यांनी ती लिहिली होती: कोणत्या रात्री कोण सोबतीला झोपले, डबा कोणाचा आला, रक्त कोणी दिले, औषधाचे पैसे कोणी भरले आणि त्यांतले कोणाचे परत केले. त्यात एका बहिणीचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. ख्रिसमसच्या गायनाच्या तयारीवरून झालेल्या भांडणानंतर बाईंचे तिच्याशी बोलणे बंद होते, आणि ते रुग्णालयातही बंदच राहिले. ती मुकाट्याने येई, बेडपॅन रिकामे करी, केस विंचरून देई आणि निघून जाई. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भोजनविधीच्या, आधी समेट केलाच पाहिजे म्हणून पाळकसाहेबांनी दोघींना एकत्र बसवले ते पुष्कळ नंतर. ज्या नात्यात अबोला धरूनही सेवेची पाळी टाळता येत नाही, ते नाते कुटुंबाचे नाही असे म्हणणे मला कठीण गेले.

मग बाईंनी मलाच प्रश्न केला. “वकीलसाहेब, पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आम्हांला देवाने दत्तक घेतले आहे असे म्हटले आहे, आणि मुले आहोत तर वारसही आहोत, असे तो पुढे म्हणतो. मग तुमच्या कोष्टकात आम्ही एकमेकांचे कोणीच कसे नाही?”

मी घरी जाऊन बायबलच्या नव्या करारातले ते पत्र वाचले. आठव्या अध्यायातला तो युक्तिवाद रोमन कायदा ठाऊक असलेल्या वाचकांसाठी केलेला आहे. रोमन कायद्यात दत्तक गेलेला मुलगा जुन्या पित्याच्या सत्तेतून सुटत असे आणि नव्या घराचा पूर्ण वारस होत असे. पौल नेमके तेच ख्रिस्ताच्या अनुयायांना लागू करतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर वाट पाहत असताना येशू भोवती बसलेल्यांनाच आपली आई आणि आपले भाऊ म्हणतो. सर्वांत जास्त थांबायला लावले ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायाने: वधस्तंभावरून येशू आपल्या आईला एका शिष्याच्या स्वाधीन करतो आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. येशूला भाऊ होते आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे त्याच शुभवर्तमानात सातव्या अध्यायात आले आहे. म्हणजे मरणाऱ्या माणसाने नात्यातल्यांना वगळून आईची व्यवस्था लावून दिली. माझ्या व्यवसायात याला मृत्युपत्रच म्हणतात.

पण त्या दिवशी माझ्यापुढचे प्रश्न व्यावहारिक होते. पहिला साक्षीदारांचा. बाईंनी जावयाला आणि एका भावाला साक्षीदार धरले होते. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६७ नुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला लाभ रद्द ठरतो. हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्राला लागू नसल्याने अनेकांच्या लक्षातच येत नाही. जावयाने सही केली असती, तर मुलीचे घर त्या सहीनेच गेले असते. दुसरा प्रश्न मंडळीच्या गरीब निधीला द्यायच्या ठेवीचा. पूर्वी कलम ११८ खाली, पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल, तर मृत्यूआधी निदान बारा महिने केलेल्या आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत जमा केलेल्या मृत्युपत्राशिवाय ख्रिस्ती माणसाला धर्मादाय देणगी देता येत नसे. कायद्याच्या लेखी वर्षानुवर्षे न भेटलेला पुतण्या हा मंडळीपेक्षा जवळचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जॉन वल्लमट्टम प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले, म्हणून बाईंची वाट मोकळी होती.

साक्षीदार म्हणून शेवटी दोघे ‘भाऊ’ उभे राहिले, कारण त्यांना काहीच मिळणार नव्हते. त्यांपैकी एक रिक्षा चालवतात आणि बाईंना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे भाडे त्यांनी कधी घेतलेले नाही. बाई त्यांच्या मुलाच्या शिक्षणासाठी काही रक्कम ठेवू पाहत होत्या. त्यांनी ती नाकारली, आणि त्या नकारामुळे त्यांच्या सहीवर शंका घ्यायला जागा उरली नाही.

नोंदणीसाठी अधिकाऱ्याला घरी बोलावता येते, पण बाईंना स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे होते. तिथल्या कारकुनाने रिक्षावाल्या काकांकडे पाहून विचारले, “हे आपले कोण?”

“भाऊ.”

आधार कार्डावरची आडनावे जुळेनात, म्हणून त्याने मामेभाऊ की मावसभाऊ, असे विचारले. बाईंनी मंडळीतला भाऊ, असे सांगितल्यावर त्याने संगणकात ‘परिचित’ लिहिले. बाई रागावल्या. मी त्यांना समजावले, की या रकान्यात परिचित असणेच आपल्या हिताचे आहे.

मृत्युपत्रात पुतण्याला वगळण्याचे कारण देणारे कलम मी कोरडे आणि नेमके लिहिले होते. बाईंनी त्यात एक वाक्य घालून घेतले: आईने लपवून दिलेल्या दोन पाटल्या पुतण्याच्या मुलीला द्याव्यात. शिवाय दस्ताची एक प्रत पुतण्याला आताच पाठवावी, असा त्यांनी हट्ट धरला. हयातीत प्रत पाठवणे म्हणजे वादाला आमंत्रण, हे मी त्यांना सांगून पाहिले. माझ्यामागे माझ्या मुलीला कोर्टात भांडावे लागू नये, त्याला जे बोलायचे ते त्याने मी जिवंत असताना माझ्याशी बोलावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते माझ्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचे होते.

प्रत नोंदणीकृत टपालाने गेली. काही दिवसांनी पुतण्या माझ्या कार्यालयात आला. पाटल्यांचे कलम त्याने दोनदा वाचले, आत्याची तब्येत विचारली, आणि मूळ दस्ताला डॉक्टरांचा दाखला जोडला आहे का, हे विचारून घेतले. जोडला आहे, असे मी सांगितले.